आवतणातलं पहिलं घर

आये, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. घरात आलेलं प्रत्येक पत्र तुला मीच वाचून दाखवायचे, मामाचं असो की मावशीच्या पोराचं, आणि मधला कंटाळवाणा भाग गाळून टाकायचे. तुला ते बरोबर कळायचं. "मधला काय खाल्लास गो?" असं विचारून तू पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचीस. आज पत्र माझंच आहे आणि ते वाचून दाखवायला कुणी नाही. शाळेतल्या भाषेत लिहितेय, त्याचा राग मानू नकोस. आयुष्यभर फळ्यावर हीच भाषा लिहिली, आता हात दुसरीकडे वळत नाही. बोलताना मात्र अजून रागावले की आपली भाषा येते, आणि नवरा म्हणतो, झालं, सासूबाई आल्या.

परवा आपल्या गावात जाऊन आले. गाव म्हणायचं आपलं. डोंबिवलीकडून खाडीच्या बाजूला उतरलं की आता उंच इमारतींच्या मागे गाव शोधावं लागतं, रिक्षावाल्यालाही देऊळ सांगितल्याशिवाय कळत नाही. पण मला त्या गावाचा अभिमान वाटतो, आणि आता तो सांगायला मी लाजत नाही. चाळीसेक घरं, दोन आळ्या, एक विहीर, एक देऊळ आणि खाडीवर उतरणारा दगडी धक्का, एवढंच होतं. पण गावात कुणाचं मयत झालं तर त्या दिवशी एकही होडी पाण्यात जायची नाही. होडी ओढायची असली की एक हाक पुरायची, जेवत असलेला माणूससुद्धा ताटावरून उठून यायचा. आणि उधाणाची ती रीत! श्रावणातल्या पुनवेला पाणी खालच्या आळीत घरात शिरायचं, म्हणून खालच्या आळीतल्या प्रत्येक घराला वरच्या आळीतलं एक घर ठरलेलं असायचं. पाणी चढायला लागलं की भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन त्यांनी सरळ त्या घरात यायचं. विचारायचं नाही, बोलवायचं नाही. हे कधी ठरलं ते माझ्या बालाही माहीत नव्हतं. भरतीची वेळ काढायला बा नुसता बोटांवर तिथीची पाऊणपट करायचा, वर दीड तास टाकायचा आणि सांगायचा, पाऊणला पाणी धक्क्यावर येतंय, चूल मोकळी करा. आपल्याकडे धक्क्यावरचं घर यायचं. त्या घरची काकी तुझी मैत्रीण, आणि तिची मुलगी माझ्याच वयाची.

तू गावची धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणजे धवले गाणारी बाई होतीस हे मी शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. डोंबिवलीच्या शाळेतल्या मुलींच्या घरी लग्नाला भटजी यायचे, पोथी उघडायचे. आपल्याकडे हळदीला भटजी नसायचा, तू असायचीस. कपाळभर कुंकू, अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात काही नाही, सगळं तोंडात. तू धवला म्हटल्याशिवाय हळद अंगाला लागायची नाही. त्यातला आवतणाचा धवला सगळ्यात लांब. आधी गावदेवीला बोलवायचं, मग खाडीला, मग गावातलं एकेक घर, धक्क्यापासून सुरू करून वरच्या आळीच्या टोकापर्यंत. जिती माणसं बोलवायची आणि त्यांच्या घरातली मेलेलीसुद्धा. आजोबा-पणजोबा सगळ्यांनी हळदीला यायचं. आणि ज्या घराला आवतण गेलं त्या घरी नवरीच्या ताटातली हळद पानावर घालून पोचवायची, ही त्यातली अट.

तू हा धवला स्वयंपाकघरात घोळवत बसायचीस. समोर भाकरी थापत असायचीस, तव्यावर एक, हातात एक, आणि ओठ चालू. मी मुद्दाम दारातून ओरडायचे, "आये, तेल संपलं!" की तुझा दोरा तुटायचा. मग तू पुन्हा गावदेवीपासून. मधून धरताच येत नाही म्हणायचीस. एकदा मी वही-पेन्सिल घेऊन बसले, म्हटलं सावकाश सांग, लिहून घेते. तू म्हणालीस, "सावकास नाय होत. पानी सावकास चढतं काय?" आणि तशीच सुसाट निघालीस. तिसऱ्या घराला माझी पेन्सिल मोडली. मी हट्टाने पुन्हा मध्येच ओरडले तेव्हा तू पळी फेकून मारलीस. नेम चुकला, पण मडकं फुटलं, आणि त्याचं खापर तू माझ्याच डोक्यावर फोडलंस.

मी नववीत होते त्या उन्हाळ्यात जमातीने धक्क्यावरचं घर वाळीत टाकलं. त्या काकांनी रेतीवाल्यांना आपल्या बांधाला होड्या बांधू दिल्या होत्या. खाडीतून रेती उपसली, काठ खचला, जाळी लावायचे खुंटे वाहून गेले. पाटलांचे गेले, बाचेही गेले. कोलंबी कमी झाली, चिंबोऱ्या दिसेनाशा झाल्या. राग खरा होता, तो मी आजही खोटा म्हणणार नाही. पण जमातीने सांगितलं, त्यांच्याशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, लग्नाला-मयताला जायचं नाही, आणि जो बोलेल तोही वाळीत. बा मान खाली घालून घरी आला.

मासळी बाजारात तुझी आणि काकीची जागा शेजारी शेजारी, वर एकच ताडपत्री. तू पाटी हलवली नाहीस, तोंड मात्र वळवलंस. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तुझ्याकडे यायचे तेव्हा ऐकायचे. तू गिऱ्हाइकाला सांगायचीस, "बाय, आमचे गावान त्या वरच्या म्हातारीचा ताप उतरला बरा." गिऱ्हाईक बिचारं निवट्यांचा भाव विचारत असायचं. नंतर माझ्या लक्षात आलं. वाळीत टाकलेल्याशी बोलायला बंदी होती, गिऱ्हाइकाशी बोलायला नव्हती. काकी खाली मान घालून कोलंबी निवडायची आणि गावची सगळी बातमी तिला मिळायची.

मग श्रावणातली पुनव आली. बाने बोटं मोजली, पाऊण सांगितलं. तू सवयीने घर आवरलंस, ओटी मोकळी केलीस, चुलीजवळ जादाचं लाकूड रचलंस. खालच्या आळीतली माणसं भांडी डोक्यावर घेऊन वर आली आणि आपापल्या ठरलेल्या घरात गेली. आपल्याकडे कुणी आलं नाही. मी वरच्या आळीच्या कडेला जाऊन पाहिलं. धक्क्यावरच्या घरात पाणी शिरलं होतं, आणि काकी, काका, ती मुलगी, तिघं माळ्यावर बसली होती. कोंबड्यांचं खुराडं त्यांनी कौलांवर ठेवलं होतं. भर दुपार, लख्ख ऊन, सगळं गाव बघत होतं आणि कुणी हाक मारत नव्हतं. तू माझ्या मागे कधी येऊन उभी राहिलीस ते कळलं नाही. पाणी उतरेपर्यंत तू तिथून हलली नाहीस. त्या दिवशी आपल्या घरात दुपारचं कुणी जेवलं नाही.

वाळीत टाकल्यानंतर गावातलं पहिलं लग्न पाटलांच्याच मुलीचं निघालं, चातुर्मास संपल्यावर. हळदीच्या आदल्या दिवशी पाटील स्वतः आपल्या ओटीवर आले. माणूस वाईट नव्हता, पण जमातीचं तोंड म्हणजे तेच. म्हणाले, "वैनी, आवतनान धक्क्यावरचा घर सोडाचा. ध्यानान ठेव." तू म्हणालीस, "बरा." एवढंच. मला आठवतं, कारण मला राग आला होता. मला वाटलं होतं, तू भांडशील.

हळदीला मी शाळेतली मैत्रीण आणली होती. तिचे वडील बँकेत, घर टिळकनगरच्या बाजूला, तिला 'कोळ्यांचं लग्न' बघायचं होतं. मी तिला खाली चटईवर माझ्याजवळ बसवलं आणि देवाला सांगितलं, आज सगळं नीट होऊ दे. दुपार कलायच्या आत नवरी पाटावर आली. तू मांडवाच्या मेढीला टेकून बसलीस, डोळे मिटलेस आणि सुरू केलंस. गावदेवीला बोलावलंस, खाडीला बोलावलंस. आणि थांबलीस.

मांडवात कुणाला काही वाटलं नाही, बायका एकदा खोकतात, पाणी पितात. तू पाणी प्यायलीस. पुन्हा गावदेवी, पुन्हा खाडी, आणि पुन्हा थांबलीस. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. तिसऱ्या वेळी तू खाडीला बोलावून तोंड उघडलंस आणि ते तसंच उघडं राहिलं. नवरीपुढच्या ताटातली कालवलेली हळद सुकायला लागली होती. पाटील मांडवाच्या दाराशी आले. "काय झाला?" तू म्हणालीस, "पुढचा येत नाय." ते खालच्या आवाजात म्हणाले, "धक्क्याच्या पुढल्या घरापासून धर." तू मान हलवलीस. "मना तसा येत नाय. सासूनं शिकवला तसाच येतो. पयला घर गेला तर सगला गाव गेला."

माझी आई, धवलारीण, सगळ्या गावासमोर विसरली होती, आणि तेही मैत्रीण शेजारी असताना. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पाटलांची आई नवरीच्या मागे बसली होती. नव्वदीच्या घरातली, कमरेत वाकलेली. तिला दिसायचं कमी, पण कान तिखट. ती म्हणाली, "गो, माजा मानूस भायेर उभा हाय. नातीचे हलदीला इलाय. त्याला आत कवा बोलवतेस?" तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. तू म्हणालीस, "मावशे, पयल्या घरावरशी गेल्याबिगर मी तुजे दारापावत पोचत नाय." पाटलांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीच्या सुकत्या हळदीकडे, आणि मग जमिनीकडे पाहूनच म्हणाले, "बोल. हाय तशी बोल."

तू परत सुरू केलंस. गावदेवी, खाडी, आणि धक्क्यावरचं घर. काकाच्या बापाला बोलावलंस, त्याच्या आजाला बोलावलंस, तिघा जित्या माणसांना नावानिशी बोलावलंस. मग पुढचं घर, त्याच्या पुढचं, पाणी चढावं तसं सगळं गाव. एक शब्द अडला नाही. पाटलांच्या घराशी आलीस तेव्हा म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला, आणि दाराशी कुणीतरी सरकून वाट करून दिल्यासारखं मला वाटलं. तसा तुझा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मग पानं आली. पहिलं पान धक्क्यावरच्या घरचं. त्यावर हळद घातली, तांदूळ घातले, आणि ते ताटात तसंच पडून राहिलं. कोण नेणार? जी नेईल तिने त्या घरच्या माणसांशी बोलल्याशिवाय भागत नाही, हळद देताना 'चला' म्हणावंच लागतं. धवलारणीला धवला संपेपर्यंत जागा सोडता येत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "उठ."

मी उठले नाही. मी चटईची काडी उपसत बसले. वाळीत पडायची भीती होती, पण खरं सांगायचं तर मैत्रिणीसमोर मला 'विसरलेल्या बाईची मुलगी' म्हणून उभं राहायचं नव्हतं. तू दुसऱ्यांदा म्हणाली नाहीस. तेवढ्यात पाटलांची म्हातारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठली. "आण इकडं," म्हणाली, आणि पान स्वतः घेतलं. ती पडेल म्हणून पाटलांची बायको तिच्या काखेत हात घालून निघाली, त्या दोघींच्या मागे आणखी चार बायका. थोड्या वेळाने काकी मांडवात आली तेव्हा तिच्या गालाला हळद होती आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. तू गातच होतीस. मैत्रीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुझी आई विसरली होती का गं?" मी म्हटलं, "हो, हल्ली विसरते."

जमात बसली. तुला विचारलं, मुद्दाम केलंस काय? तू म्हणालीस, "मना येतो तसा मी बोलली. दुसऱ्या कुनाला येत असंल तर तिला बोलवा." दुसऱ्या कुणाला येत नव्हता. मग विसरल्याबद्दल तुला शिक्षा झाली, देवीला एक नारळ. तू नारळ फोडलास, खोबऱ्याचे तुकडे केलेस आणि प्रसाद म्हणून घरोघर पाठवलेस, धक्क्यापासून सुरुवात करून. तेव्हा मी गेले ताटली घेऊन. तेव्हा सगळेच जात होते. रेतीच्या होड्या पुढच्या वर्षी काकांनी हलवल्या, की धक्काच खचला म्हणून हलल्या, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पण पुढच्या श्रावणात काकी कोंबड्या घेऊन आपल्या ओटीवर आली आणि तुम्ही दोघी दिवसभर फिदीफिदी हसत होतात.

बदल्यात तुझं काय गेलं ते मला उशिरा समजलं. धवलारीण विसरते, ही गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांना पसरली. दिवा गावाकडची, शीळकडची आवतणं बंद झाली. ठेवणीतलं लुगडं दोन-तीन वर्षं गावाबाहेर गेलं नाही. तू कधी कुणाला एका शब्दाने खुलासा केला नाहीस, आणि मला तर बरंच वाटलं होतं, म्हटलं सुटलो.

नव्वद सालानंतर आम्ही डोंबिवलीत ब्लॉक घेतला आणि आजारपणात तुला इकडे आणलं. तुला ओट्यावर निवडलेलं आवडायचं नाही, तू स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून तांदूळ निवडायचीस. एका सकाळी मी शाळेला निघताना पाणी प्यायला आत आले. तू गुणगुणत होतीस. मी दारातच उभी राहिले. तू पाटलांच्या घरापासून सुरू केलं होतंस. गावदेवी नाही, खाडी नाही, सरळ मधून, आणि किती सहज! मी म्हटलं, "आये, हे मधूनच गं!" तू वर पाहिलंस. लबाड हसलीस. "मधून काय, उलटा पन येतो. वरश्यान धक्क्यावर नेऊन सोडू काय?" मी विचारलं, "मग त्या दिवशी?" तू एक खडा उचलून बाजूला टाकलास आणि म्हणालीस, "त्या दिवशी नव्हता येत." त्या दिवशी मला शाळेत उशीर झाला. मला एवढा अभिमान वाटत होता की वर्गात हजेरी घेताना दोनदा चुकले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, धवल्यांवर अभ्यास करतेय, तुझं नाव कुणाकडून तरी ऐकून शोधत आली. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, ताडपत्री, उधाण, तीनदा थांबणं, मधून येणारा धवला, सगळं, आणि सांगताना माझी मान ताठ होती. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आणि ते पान? तुम्हीच नेलं असणार ना?" तुझ्यासारख्या बाईची मुलगी उठली असणार, असं तिला वाटलं, आणि मला ते इतकं बरोबर वाटलं की मी "हो" म्हणाले. पाटलांची म्हातारी, तिचे गुडघ्यांवरचे हात, सगळं मी एका शब्दात पुसून टाकलं. तू स्वतःला विसराळू म्हणवून घेतलंस, आणि मला तेवढं न उठणंसुद्धा कबूल करवलं नाही.

परवा गावात गेले ती त्या म्हातारीच्या घरापुढे जरा उभी राहायला. घर नाही आता, इमारतीचा जिना आहे तिथे. येत्या गुरुवारी ती मुलगी लिहिलेलं वाचून दाखवायला येणार आहे. तिला खरं काय ते सांगेन, असं इथे तुला लिहून टाकायचं ठरवलं होतं. ते वाक्य मात्र सकाळपासून अजून लिहिता आलेलं नाही.